अनंतशास्त्र्यांची मुलगी



आपल्या वडिलांच्या नावानं मुलांनी व्याख्यानमाला सुरू करावी आणि ती इतकी वर्षं नेमानं चालवावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. संयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मनात पहिल्यांदा आली ती एक मुलगी आणि तिचे वडील. मुलीचं नाव आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पंडिता रमाबाई. वडिलांचं नाव मात्र आपण फारसं घेत नाही. ते अनंतशास्त्री डोंगरे.

1882 साली शिक्षणाची चौकशी करणारा हंटर आयोग पुण्यात आला. त्या आयोगापुढं चोवीस वर्षांची एक विधवा साक्षीला उभी राहिली. कडेवरचं मूल नुकतंच चालायला लागलेलं, नवरा जाऊन वर्षही झालेलं नाही. स्त्रीशिक्षणाबद्दल बोलायचा तुमचा अधिकार काय, असा प्रश्न आला. यावर त्या काय काय सांगू शकल्या असत्या, विचार करा. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिलेल्या होत्या. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला होता. 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं होतं. यातलं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण सगळ्यात आधी त्यांनी वडिलांचं नातं सांगितलं. स्त्रियांनी शिकावं असा आग्रह धरल्याबद्दल ज्यानं फार सोसलं, भर विरोधात वाद करून आपलं म्हणणं आचरणात आणलं, अशा माणसाची मी मुलगी आहे, या आशयाचं त्या बोलल्या. आणि म्हणून हे काम शेवटपर्यंत चालवणं मी माझं कर्तव्य समजते, असंही.

सरकारी चौकशीत आपली पात्रता म्हणून एका मुलीनं बापाचं सोसणं पुढं ठेवलं. मुलानं वडिलांचं केलेलं कौतुक मी पुष्कळ वाचलं आहे. त्यात यापेक्षा मोठं मला सापडलेलं नाही.

पण मला आज फक्त कौतुक सांगायचं नाही. रमाबाईंनी वडिलांवर अपार प्रेम केलं आणि त्यांचं काय चुकलं तेही लिहून ठेवलं. दोन्ही एकाच लेखणीनं. आपल्याकडं आईवडिलांवर लिहायचं म्हणजे आरती तरी, नाहीतर तक्रार तरी. रमाबाईंच्या लिहिण्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. आहे तो हिशोब. कोणी काय दिलं, काय दिलं नाही, आणि त्या देण्याचं आपण पुढं काय केलं, याचा प्रामाणिक हिशोब. तोच आज तुमच्यापुढं ठेवायचा आहे.

आधी हे अनंतशास्त्री कोण, ते पाहू. मंगळूरकडच्या भागात स्थायिक झालेल्या चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला हा मुलगा विद्या शिकायला पुण्याला आला. पेशवाईचा शेवटचा काळ. गुरू रामचंद्रशास्त्री साठे. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई यांना संस्कृत शिकवायला वाड्यात जात, आणि गुरूबरोबर हा शिष्यही जाई. बाईमाणसाच्या तोंडून शुद्ध संस्कृत श्लोक त्यानं तिथं ऐकले आणि तो चकित झाला. आपल्या बायकोलाही हे शिकवायचं, असं त्यानं तिथंच ठरवलं.

श्रोतेहो, त्या वाड्यात तेव्हा किती लोकांची ये-जा असेल! किती शास्त्री, किती कारकून, किती मानकरी. वाराणसीबाईंचं पठण त्यांतल्या कितीजणांच्या कानावर पडलं असेल. घरी जाऊन बायकोला अक्षर शिकवावं, असं किती जणांना वाटलं? या एकाला वाटलं. का वाटलं, हे शोधण्यात मी बराच काळ घालवला आहे, आणि मला एवढंच उत्तर मिळालं की या माणसाला चांगली गोष्ट एकट्यानं खायची सवय नव्हती.

पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळं ते जमलं नाही. ती वारली. आणि मग चाळिशी ओलांडलेल्या अनंतशास्त्र्यांचं दुसरं लग्न झालं. ते कसं झालं, हे रमाबाईंनीच लिहिलं आहे. पण कसं लिहिलं आहे पहा. 1887 साली अमेरिकेत त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'. बालविवाहाची चाल किती बेफिकीर आहे हे सांगताना त्या एक उदाहरण देतात. यात्रेला निघालेलं एक कुटुंब गोदावरीकाठी मुक्कामाला आहे. सकाळी एक रुबाबदार गृहस्थ स्नानाला येतो. मुलीचा बाप त्याची जात, गोत्र, गाव विचारतो, विधुर आहे हे कळतं, आणि आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ करतो. तासाभरात सगळं ठरतं. दुसऱ्या दिवशी लग्न. नवरा त्या पोरीला घेऊन सुमारे 900 मैलांवर निघून जातो, आणि बाप निश्चिंत मनानं यात्रेच्या पुढच्या मुक्कामाला.

नावगाव काही नाही. वाचणाऱ्याला वाटावं, ऐकीव हकिकत आहे. पण ती मुलगी म्हणजे रमाबाईंची आई लक्ष्मीबाई, आणि तो स्नानाला आलेला गृहस्थ म्हणजे अनंतशास्त्री. शेवटी रमाबाई म्हणतात की सुदैवानं ही मुलगी चांगल्या हाती पडली, कल्पनेपलीकडं मायेनं सांभाळली गेली. पण म्हणून तिच्या बापाचा बेफिकीरपणा क्षम्य ठरत नाही. मी हे पान पुन्हा पुन्हा वाचते. आपल्या आईवडिलांचं लग्न ही मुलगी बालविवाहाच्या विरोधातला पुरावा म्हणून मांडते आहे, आणि त्याच पुराव्यात वडिलांच्या चांगुलपणाची साक्षही देते आहे. एक माणूस भला निघाला म्हणून प्रथा भली ठरत नाही, हे तिला कळलं होतं. आणि प्रथा वाईट म्हणून त्या माणसाचा भलेपणा झाकायचाही नाही, हेही.

लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवायला घेतलं आणि समाज बिथरला. उडुपीच्या धर्मपीठापुढं जाब द्यावा लागला. अनंतशास्त्री गेले ते ग्रंथांचे दाखले गोळा करून. स्त्रीला संस्कृत शिकवणं शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी शास्त्रातूनच दाखवलं, आणि जमलेल्या विद्वानांना ते खोडून काढता आलं नाही. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अनंतशास्त्री सुधारक नव्हते. इंग्रजी शिक्षणाचा वारा त्यांना लागला नव्हता. ते कट्टर वैष्णव, सोवळ्याओवळ्याचे, भागवतावर नितांत श्रद्धा असलेले पुराणिक. वेद स्त्रियांना शिकवायचे नाहीत हा नियम त्यांनीही पाळला. काव्य, व्याकरण, पुराणं शिकवली. त्यांनी परंपरेच्या आत उभं राहून परंपरेलाच दार उघडायला लावलं. हे काम बाहेर उभं राहून दगड मारण्यापेक्षा सोपं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी स्वतःच्या आळीत वाद घालून पाहावा.

मग ते गंगामूळच्या रानात राहायला गेले. पश्चिम घाटाचा तो माथा. तुंगा, भद्रा, नेत्रावती या नद्यांच्या उगमाचा मुलूख. घनदाट जंगल, वाघांच्या डरकाळ्या. तिथं घर बांधलं, विद्यार्थी येऊन राहू लागले, यात्रेकरू येऊ लागले. 23 एप्रिल 1858 रोजी रमाबाईंचा जन्म तिथला. आणि पुढं रमाबाई शिकल्या त्या वडिलांकडून कमी, आईकडून जास्त. कारण वडील तोवर म्हातारे झाले होते. दिवसभर आईला कामाचा रगाडा. मग मुलीला शिकवायचं कधी? पहाटे. पाखरं जागी व्हायच्या आत लक्ष्मीबाई पोरीला उठवत. लहान मूल ते, पुन्हा पेंगायचं. आई मांडीवर घेऊन गोंजारत, लाडानं हाका मारत, आणि जाग आली की श्लोक सुरू. एक चरण आई म्हणणार, तोच मुलगी म्हणणार. अक्षरओळख पुढची गोष्ट. आधी कान आणि तोंड.

या चित्रात अनंतशास्त्री कुठं आहेत? मला वाटतं, या चित्रात सगळीकडं तेच आहेत. नऊ वर्षांची आलेली निरक्षर पोर आता अंधारात बसून स्वतःच्या मुलीला पाठांतर करवते आहे. बाप मोठा का, तर त्यानं मुलीला शिकवलं म्हणून, असं आपण म्हणतो. अनंतशास्त्र्यांनी मुलीची शिक्षिका तयार केली, मुलगी जन्माला यायच्या कितीतरी आधी. 'हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक रमाबाईंनी आईला अर्पण केलं. वडिलांना अर्पण केलं असतं तर त्यांना तेवढा आनंद झाला नसता, असं मी खात्रीनं म्हणते.

आता हिशोबाची दुसरी बाजू. घर अतिथींसाठी सदा उघडं राहिलं आणि पैसा संपला. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबानं घर सोडलं. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून, तो पेटारा माणसाच्या डोक्यावर देऊन डोंगर उतरवलं. मग आयुष्यभर यात्रा. या क्षेत्राहून त्या क्षेत्राला, देवळात किंवा नदीकाठी पुराण सांगायचं, लोक ठेवतील त्या फळांवर, धान्यावर, दक्षिणेवर राहायचं, त्यातलंही दान करायचं. थोरल्या मुलीचं, कृष्णाबाईंचं लग्न त्यांनी लहानपणीच रीतीप्रमाणं लावून दिलं होतं. त्याचं पुढं फार वाईट झालं. त्यानंतर धाकटीचं लग्न बालपणी करायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि लोकांच्या बोलण्याला भीक घातली नाही. म्हणजे रमाबाईंना मिळालेली मोकळीक बहिणीच्या दुःखातून आली होती. हेही हिशोबात धरायला हवं.

आणि सगळ्यात मोठी त्रुटी कोणती? संस्कृतापलीकडं दुसरं काहीही या मुलांना शिकवलं गेलं नाही. पोट भरायची एकही विद्या नाही. भीक मागायची लाज, अंगमेहनतीचं काम जातीच्या अभिमानाला न परवडणारं. रमाबाईंनी हे स्पष्ट लिहिलं आहे.

1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नाची टंचाई वाढत गेली. पुराण ऐकायला लोक उरले नाहीत, आणि जे उरले त्यांच्याजवळ द्यायला काही नव्हतं. जवळचं होतं नव्हतं ते देवाला, ब्राह्मणांना देऊन टाकलेलं; देव पावेल ही आशा. भांडी गेली, दागिने गेले, चांगले कपडे गेले. शेवटचे मूठभर तांदूळ संपले. तिरुपतीकडच्या डोंगरातल्या रानात आईवडील, भाऊ आणि दोघी बहिणी अशा या पाच जणांनी अकरा दिवस काढले ते पाण्यावर, झाडपाल्यावर आणि रानातल्या मूठभर खजुरांवर. वडिलांची दृष्टी गेलेली होती. शेवटी त्यांनी ठरवलं की तीर्थाच्या कुंडात जलसमाधी घ्यायची. आधी ते, मग एकेक जण.

निरोपाला त्यांनी एकेकाला जवळ घेतलं. रमाबाई धाकट्या, सोळा वर्षांच्या, त्यांची पाळी शेवटी. रमाबाईंनी हा प्रसंग 1907 साली आत्मकथनात लिहिला, म्हणजे घडल्यावर तीस वर्षांहून अधिक काळानं, आणि तरीही त्यात त्या अशक्त हातांची मिठी जाणवते. आंधळे वडील तिला छातीशी घट्ट धरून बोलत होते. तू सगळ्यांत धाकटी, माझी सगळ्यांत लाडकी. तुझ्यावर किती प्रेम केलं ते विसरू नकोस. तुला जे बरोबर ते करायला शिकवलं आहे. धर्माची वाट सोडू नकोस. तुला देवाच्या हाती दिलं आहे. तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. मी त्यांचं बोलणं माझ्या शब्दांत सांगते आहे, आणि मला पुरतेपणी सांगता येत नाही.

तेवढ्यात भाऊ श्रीनिवास पुढं झाला. जातीचा अभिमान गेला खड्ड्यात, मी मजुरी करीन, पण आईवडिलांना बुडून मरू देणार नाही, असं तो म्हणाला. सगळे डोंगर उतरून गावाशी आले, पडक्या देवळात थांबले. पण उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले. साल 1874. पाठोपाठ आई गेली, रायचूरला. खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, चौथ्या रमाबाई. उंची कमी म्हणून खांदा पुरेना, तेव्हा तिरडीची बाजू त्यांनी डोक्यावर धरली. मग थोरली बहीणही गेली. उरले दोघं, आणि हजारो मैलांची पायपीट.

या प्रसंगाबद्दल मला रमाबाईंचा फार आदर वाटतो तो यासाठी, की वडिलांच्या भाबड्या श्रद्धेनं घरावर काय वेळ आणली हे त्या लपवत नाहीत, आणि त्याबद्दल वडिलांवर रागावतही नाहीत. राग यायला जागा होती की नाही? होती. तुमच्याआमच्यापैकी कोणीही म्हटलं असतं, अहो, दानधर्म कसला करता, पोरांच्या तोंडात घास घाला. रमाबाई ते म्हणत नाहीत. त्यांनी त्या उणिवेचं काय केलं, ते त्यांच्या कामात दिसतं.

ते काम आपल्याला माहीत आहे, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा-मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन निघालं, पुढं ते पुण्यात आलं. धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, तेव्हाच्या गोदूबाई, या तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी. 1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. त्या मुलींकडं पाहताना आपले स्वतःचे दिवस आठवले, हे त्यांनी सांगितलं आहे. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात या मुली काय शिकल्या? लिहिणंवाचणं तर शिकल्याच. शिवाय विणकाम, शिवणकाम, शेती, तेल गाळणं, छापखान्यात खिळे जुळवणं. अंध स्त्रियांना ब्रेल. वडिलांनी जे शिकवलं ते रमाबाईंनी पुढं दिलं, आणि जे शिकवायचं राहिलं तेही दिलं. तिरुपतीच्या डोंगरात कोणालाही एक टाका घालून चार पैसे मिळवता येत नव्हते. केडगावातून बाहेर पडणारी मुलगी तशी राहणार नव्हती. वडिलांच्या चुकीला इतकं सुंदर उत्तर मी दुसऱ्या कोणा मुलामुलीनं दिलेलं पाहिलेलं नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. तो टाळला तर व्याख्यान खोटं होईल.

29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात केवढं वादळ उठलं, ते इथं सांगत नाही. वडिलांचा विश्वासघात केला, असं तेव्हा म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. खरंच तसं आहे का?

त्या तिथपर्यंत कशा पोचल्या ते पहा. कलकत्त्याला ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी त्यांना विचारलं, वेद वाचलेत का? नाही, स्त्रीला अधिकार नाही असं घरी शिकवलेलं. सेनांनी वेदाची प्रत हातात दिली. वडिलांनी आखलेली रेघ तिथं ओलांडली गेली. मग बायकांपुढं व्याख्यानं द्यायची म्हणून धर्मशास्त्रं वाचायला घेतली. त्यांना आढळलं की इतर हजार बाबतींत हे ग्रंथ एकमेकांशी भांडतात, पण स्त्रीची जात वाईट आणि तिला मोक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. हे त्यांना कोणी मिशनऱ्यानं सांगितलं नव्हतं. मूळ संस्कृतातून, स्वतःच्या डोळ्यांनी, त्यांनी वाचलं. ते वाचण्याचं सामर्थ्य त्यांना कोणी दिलं होतं? मुलीच्या हाती ग्रंथ देणाऱ्या बापाला, मुलगी त्या ग्रंथातून काय वाचेल हे ठरवता येत नाही. अनंतशास्त्र्यांना ही जोखीम कळत होती की नाही, सांगता येणार नाही. पण ग्रंथ त्यांनी दिला.

तुम्ही रमाबाईंच्या धर्मनिर्णयाशी सहमत असा किंवा नसा. मी स्वतः त्यांच्या सगळ्या मतांशी सहमत नाही, आणि त्यासाठी आज इथं उभीही नाही. मला पाहायचं आहे ते एवढंच की धर्म सोडल्यावर त्यांनी वडिलांचं काय केलं. 1907 चं ते आत्मकथन ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिलेलं आहे. त्यांतले पुष्कळसे परदेशी, संस्थेला मदत करणारे. अशा वाचकांपुढं वडिलांना अज्ञानी मूर्तिपूजक म्हणून रंगवणं किती सोपं होतं! टाळ्या मिळाल्या असत्या, देणग्याही मिळाल्या असत्या. रमाबाईंनी लिहिलं ते असं: माझ्या वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता, पण त्या अज्ञात देवाची त्यांनी सगळ्या मनानं, सगळ्या बळानं सेवा केली, आणि आपल्या मुलांनीही शेवटपर्यंत ती करावी अशी त्यांची फार इच्छा होती. आणि ती इच्छा आपण पाळली, अशी रमाबाईंची श्रद्धा होती. नव्या धर्माची भाषा बोलतानाही त्यांनी वडिलांची ती मिठी सोडली नाही.

मला कित्येकदा विचारतात, अनंतशास्त्री जगते तर त्यांनी मुलीला माफ केलं असतं का? मला माफीचा प्रश्नच चुकीचा वाटतो. मला वाटतं, ते फार दुखावले असते. कदाचित जेवले नसते दोन दिवस. आणि मग स्नान करून, पोथ्या काढून, वाद करायला समोर बसले असते. रमाबाईही बसल्या असत्या, आणि दाखल्याला दाखला दिला असता, त्यांनीच शिकवलेल्या व्याकरणानं. वाद कुणी जिंकला असता, कोण जाणे. पण बाईमाणसाला या वादात बोलायचा अधिकार काय, हा मुद्दा मात्र त्या घरात निघाला नसता. तो मुद्दा अनंतशास्त्र्यांनी उडुपीलाच निकालात काढला होता.